ब्रेकलाइट लागत नाही? आधी बल्ब नका बदलू

गेल्या पावसाळ्यात मी स्कूटरच्या ब्रेकलाइटचा बल्ब तीनदा बदलला. तिन्ही वेळा लाइट लागला आणि तिन्ही वेळा आठवड्याभरात पुन्हा बंद पडला. तिसऱ्यांदा बंद पडल्याचं मला कळलं ते घाटकोपरला एलबीएस मार्गावर. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, पुढच्या सिग्नलला शेजारी येऊन थांबला आणि म्हणाला, "भाऊ, लाइट नाय लागत तुमचा. आत्ता घुसलो असतो ना मी." त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडी ठोकून बसलो. "उडाले" म्हणून काढून ठेवलेले दोन जुने बल्ब डिक्कीतच होते. बॅटरीला जोडून पाहिले तर दोन्ही ठणठणीत. नंतर लाइटमधला तिसराही तसाच निघाला. बल्ब कधी गेलाच नव्हता. होल्डरच्या आतल्या पत्र्यावर कळंक चढला होता. नवीन बल्ब दाबून फिरवताना त्याच्या पिना तो कळंक जरासा खरवडायच्या, आठवडाभर संपर्क मिळायचा, मग पुन्हा ओल, पुन्हा अंधार. मी आपला दरवेळी तीस रुपये मोजून होल्डर खरवडून घेत होतो.

मुंबईत बल्ब फिलामेंट तुटून जातातच, खड्डे त्यासाठी पुरेसे आहेत. पण जून ते सप्टेंबरचा पाऊस, वर्षभराची खारी हवा आणि चाकाबरोबर मागे उडणारं रस्त्यावरचं पाणी यांचा मारा बल्बपेक्षा होल्डरवर, स्विचवर आणि वायरींच्या जोडांवर जास्त होतो. म्हणून दुकानात जायच्या आधी दहा मिनिटं तपासणीला द्या. एलईडी टाकायचा विचार असेल तरीही आधी दुरुस्ती करा, कारण खराब जोडावर बसवलेला एलईडी तुम्हाला जास्त दिवस फसवतो. ते कसं, हे पुढे सांगतो.

हत्यारं

दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, लहान चपटा ड्रायव्हर, दहाचा पाना, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडं व्हॅसलिन. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, असेल तर उत्तम. लॅमिंग्टन रोडला तीन-चारशे रुपयांत कामचलाऊ मिळतो आणि घरातही उपयोगी पडतो. पण मीटरपेक्षाही जास्त कामाची एक गोष्ट फुकटात बनते, ती म्हणजे टेस्ट लॅम्प. जुना पण चालू असलेला ब्रेकलाइटचा बल्ब घ्या, त्याच्या पितळी अंगाला एक वायर आणि बुडावरच्या दोन ठिपक्यांपैकी मोठ्या (ब्रेकच्या, २१ वॅटच्या) फिलामेंटच्या ठिपक्याला दुसरी वायर डागून घ्या. झाला टेस्ट लॅम्प.

उघडण्याआधी

किल्ली चालू करा. बहुतेक स्कूटर्समध्ये ब्रेकलाइट बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिन चालू करायची गरज नाही. मागे भिंत किंवा बंद दुकानाचं शटर येईल अशी गाडी उभी करा म्हणजे एकट्यालाही तपासता येतं. संध्याकाळ असेल तर आणखी बरं. आता फक्त उजवा लिव्हर दाबा, सोडा. मग फक्त डावा. दोन्ही एकदम दाबू नका, तिथेच बरेच जण चुकतात. दोन्ही लिव्हरना आपापला स्विच असतो आणि दोन्ही स्विच एकाच लाइटला समांतर जोडलेले असतात. एक मेला तरी दुसऱ्याने लाइट लागतो. म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

एकाच लिव्हरने लागत असेल तर बल्ब, होल्डर, मागची वायर सगळं ठीक आहे. दुसरा स्विच बघा, सरळ त्या भागावर जा. दोन्हींनी लागत नसेल तर हॉर्न आणि इंडिकेटर बघा. तेही मेले असतील तर फ्यूज किंवा बॅटरी. हॉर्न खणखणीत वाजतोय आणि लाइट मात्र नाही, तर बल्ब, होल्डर किंवा मधली वायर.

आता सेल्फची खूण. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर्सना ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. याचं कारण असं, की स्टार्टरच्या रिलेला (स्टार्टर चालू करणाऱ्या विजेच्या स्विचला) जाणारा करंट याच ब्रेक स्विचमधून जातो. म्हणजे डावा लिव्हर दाबून सेल्फ मारला आणि स्टार्टर फिरला, तर डावा स्विच जवळजवळ नक्की चालू आहे, तो उघडायची गरज नाही. दोष तिथून मागे आहे. उजव्या लिव्हरनेही तसंच करून बघा. एकही स्क्रू न उघडता अर्धं निदान होतं.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. ब्रेक न दाबता सेल्फ लागत असेल तर कुठला तरी स्विच चालूच अडकून राहिला आहे आणि मागे तुमचा ब्रेकलाइट कायम जळतोय. हे लाइट बंद असण्याइतकंच वाईट. मागच्याला तुम्ही ब्रेक कधी मारला ते कळणारच नाही, आणि घरातल्या पोराने गंमत म्हणून सेल्फ दाबून ॲक्सिलरेटर पिळला तर गाडी पुढे झेपावेल. शिवाय २१ वॅटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. स्कूटरची बॅटरी असते तीन ते पाच अँपिअर-अवरची. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये रेंगाळत असताना चार्जिंग आधीच बेताचं, त्यात हा खर्च. सकाळी सेल्फ कुंथतो आणि आपण बॅटरीवाल्याच्या नावाने शंख करतो.

बल्ब

लेन्स बहुधा दोन स्क्रूंवर असते. काही मॉडेल्सना मागची प्लास्टिकची पॅनल किंवा धरायचा दांडा आधी काढावा लागतो. स्क्रू गंजला असेल तर जोर लावू नका, तेलाचा थेंब टाकून चहा पिऊन या. गंजलेल्या स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की पाच मिनिटांच्या कामाची दुपार होते.

बल्ब आत दाबा, घड्याळाच्या उलट पाव वळसा द्या, बाहेर येईल. त्यावर बारा व्होल्ट, २१/५ वॅट असं लिहिलेलं असतं. आत दोन फिलामेंट असतात: पाच वॅटचं टेललाइटसाठी, एकवीसचं ब्रेकसाठी. उजेडाकडे धरून बघा. तुटलेलं फिलामेंट बहुधा दिसतंच, पण पायापाशी तुटलं असेल तर नजरेला चुकवतं, म्हणून मीटर किंवा बॅटरी लावून खात्री करा. काचेवर आतून काळसर-चंदेरी झाक असेल तर बल्ब म्हातारा झालाय. पांढुरकी पूड दिसली तर काचेत हवा शिरली आहे, तो गेलाच.

नवा घेताना जुना सोबत न्या. बल्बच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्या मुद्दाम तशा केलेल्या आहेत, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. इंडिकेटरच्या बल्बला एकच फिलामेंट, बुडाला एकच ठिपका आणि पिना समान उंचीवर. तो दिसायला सारखा असतो आणि घाईत जबरदस्तीने कोंबला जातो. मग तो एक ठिपका होल्डरच्या दोन्ही संपर्कांना चिकटतो, टेललाइट आणि ब्रेकलाइटच्या वायरी आपसात जुळतात आणि असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात की विचारू नका: ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचा दिवा लागतो, किल्ली चालू केली की ब्रेकलाइट. बल्ब बसवताना जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि पिनांची उंची बघा.

होल्डर, म्हणजे खरा गुन्हेगार

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवा. होल्डरमध्ये पॉलिश पेपर फिरवताना दोन संपर्क एकत्र आले तर फ्यूज जातो, म्हणून हा खबरदारीचा उपाय.

आता टॉर्च मारून आत बघा. तळाला तपकिरी रंगाची फायबरची चकती दिसेल आणि तिच्यात दोन पितळी टोकं. चकतीखाली स्प्रिंग असते, बोटाने दाबली की ती आत जाऊन चटकन वर आली पाहिजे. सुस्त येत असेल तर स्प्रिंग गंजली आहे, होल्डरच बदला, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. चकती ठीक असेल तर भिंतीचा रंग बघा. चकचकीत हवा. हिरवट-पांढुरका थर दिसला की समजा चोर सापडला. या भिंतीतूनच बल्बचं अर्थिंग जातं, म्हणजे टेल आणि ब्रेक दोन्ही फिलामेंटचा परतीचा रस्ता हाच.

पॉलिश पेपरची बोटभर पट्टी पेन्सिलीला गुंडाळा आणि आतून फिरवा. दोन पितळी टोकं आणि बल्बच्या बुडाचे ठिपकेही घासा. क्लीनर मारून पुसा, वाळू द्या. मग व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलिन वीज वाहत नाही, पण बल्ब फिरवून बसवताना जिथे धातू धातूला टेकतो तिथून ते बाजूला सरतं आणि आजूबाजूला राहून पाण्याला अडवतं. लोण्यासारखं थापू नका.

होल्डरमागून निघणारी अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधा. कधी ती चासीच्या बोल्टला गोल टर्मिनलने बसवलेली असते, कधी वायरिंगच्या कपलरमधून पुढे जाते. बोल्ट असेल तर उघडा, टर्मिनलच्या दोन्ही बाजू आणि चासीवरची जागा लोखंड दिसेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा. अर्थिंग खराब असण्याची एक ओळखीची खूण म्हणजे ब्रेक दाबल्यावर लाइट वाढायच्या ऐवजी मंद होणं. परतीचा रस्ता बंद झाल्यावर करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढत फिरतो, त्यातून हे होतं.

आता मीटरवाल्यांना एक धोक्याची सूचना. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावलं, बारा व्होल्ट दिसले, की आपण म्हणतो वायर ठीक आहे. पण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. एका केसावर टिकलेली वायरही त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. बल्ब लावला की तिचा दम निघतो. म्हणून भार लावून मोजा: बॅटरीचं सोडवलेलं टोक परत जोडा, बल्ब बसवा, किल्ली चालू करा, ब्रेक दाबून ठेवा, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक होल्डरच्या पत्र्याला लावा. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. एक-दीड व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह बाजूला: एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं होल्डरकडे येणाऱ्या ब्रेकच्या वायरीला. इथे किल्लीचा स्विच, फ्यूज, ब्रेक स्विच असे बरेच जोड असतात, त्यामुळे अर्धा व्होल्ट चालतो. फिलामेंटच्या बल्बला दीड व्होल्ट कमी मिळाला की प्रकाश साधारण दोन तृतीयांशच उरतो. लाइट लागतोय म्हणून आपण खूश, पण दुपारच्या उन्हात मागच्याला काही दिसत नाही.

मीटर नसेल तर हेच काम टेस्ट लॅम्प करतो. ब्रेकच्या वायरीवर आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर लावला तर लखलखीत लागतो, पण होल्डरच्या पत्र्यावर निगेटिव्ह घेतला की मिणमिणतो, तर दोष अर्थिंगचा.

स्विच

लिव्हर जिथे हँडलला बसतो तिथे खालून वाकून बघा. काळं छोटं डबडं, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि लिव्हरच्या बुडाशी टेकलेलं बारीक बटण. लिव्हर मोकळा असताना तो हे बटण दाबून धरतो आणि संपर्क तुटलेला असतो. ब्रेक दाबला की बटण बाहेर येतं आणि संपर्क जुळतो. म्हणजे धूळ आणि चिखल साचून बटण आतच अडकलं तर लाइट लागत नाही, आणि बाहेर अडकलं तर विझत नाही.

आधी क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा हाताने दाबा. निम्मे स्विच एवढ्यावर सुधारतात. नाही सुधारला तर दोन्ही वायरी स्विचमधून ओढून काढा (टोकाला धरून, वायरीला नव्हे) आणि एका छोट्या वायरीच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. लाइट लागला तर स्विच मेलाय. यातल्या एका वायरीत चालू किल्लीला करंट असतो, ती हँडलच्या लोखंडाला टेकली तर फ्यूज उडेल, तेव्हा सांभाळून. नवा स्विच शंभरेक रुपयांच्या आसपास मिळतो आणि एका लहान स्क्रूवर बसतो.

लाइट कायम लागलेला असेल तर स्विचवर खापर फोडण्याआधी लिव्हर पूर्ण परत येतोय का बघा. ड्रम ब्रेकची केबल गंजून जड झाली की लिव्हर दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबतो. बोटाने पुढे ढकलल्यावर लाइट विझला तर स्विचला दोष नाही, केबलला तेल हवंय. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. कॉम्बी ब्रेकवाल्या स्कूटरमध्ये डाव्या लिव्हरने दोन्ही चाकं धरतात आणि तिथल्या केबलच्या जोडात चिखल बसला की हेच होतं.

वायर

सगळं ठीक आणि तरी लाइट नाही, तर वायर. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा रोज शेकडो वेळा वाकतो. किल्ली चालू, ब्रेक दाबलेला, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. लाइट फडफडला की जागा सापडली. दुसरी जागा मागच्या मडगार्डच्या वर, जिथे चाक पाणी फेकतं. तिसरी जागा फक्त आपल्या इमारतींच्या पार्किंगवाल्यांना माहीत: उंदीर. सीटखालची ऊब त्यांना आवडते. वायरीवर बारीक दातांच्या खुणा दिसल्या तर पूर्ण जुडगा तपासा, उंदीर एका वायरीवर थांबत नाही.

तुटलेली वायर पिळून काळी टेप गुंडाळू नका. एप्रिलच्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि जुलैत पाणी आत जातं. सोल्डर करा आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. चॉकलेटच्या चांदीने फ्यूज बांधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या गाडीची वायरिंग एक दिवस जळते.

लेन्स परत लावताना साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर प्लास्टिकवर बारीक तडे जातात. रबराची पट्टी खाचेत नीट बसवा, स्क्रू हाताला घट्ट लागला की थांबा. आणि कृपा करून सगळीकडे सिलिकॉन फासू नका. लाइटच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोक असतं, ते बुजलं की आतली वाफ आतच राहते आणि रोज सकाळी लेन्सला आतून घाम फुटतो. मग कळंक पुन्हा हजर.

आता एलईडी टाकायचा का?

दुरुस्ती झाली, लाइट लागतोय, आणि तरी हात शिवशिवतात. साहजिक आहे. मी टाकला आहे, पण डोळे उघडे ठेवून.

खरा फायदा वेगाचा. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, एलईडी लगेच पेटतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात सव्वादोन मीटर पुढे येते, ६० ने येणारी सव्वातीन. पूर्व द्रुतगती मार्गावर ही एका अख्ख्या स्कूटरहून जास्त लांबी झाली. दुसरा फायदा बॅटरीचा: वीसेक वॅटच्या जागी दोन-तीन वॅट. तिसरा म्हणजे खड्ड्यांनी तुटायला फिलामेंटच नाही.

आता अडचणी, आणि त्या दुकानदार सांगत नाही.

पहिली रंगाची. पांढरा एलईडी लाल लेन्समागे फिकट गुलाबी आणि मंद दिसतो, कारण फिलामेंटच्या प्रकाशात लाल भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत कमी. म्हणून लाल लेन्सला लाल एलईडी घ्यायचा. पण थांबा, तुमच्या लाइटच्या खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी आहे का? बऱ्याच स्कूटर्समध्ये नंबरप्लेटवर उजेड याच बल्बचा पडतो. लाल एलईडी टाकला की प्लेट लाल होते, आणि नियमानुसार नंबरप्लेटवर पांढरा उजेड हवा, मागून नंबर वाचता आला पाहिजे. अशा गाडीला एक तर खाली पांढरे आणि बाकी लाल चिप असलेला बल्ब शोधा, किंवा फिलामेंटवरच राहा. त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी अडचण फरकाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. चांगल्या २१/५ बल्बचं पाच वॅटचं फिलामेंट साधारण ३५ ल्यूमेन देतं आणि एकवीसचं सुमारे ४४०. म्हणजे ब्रेक दाबला की प्रकाश बारापटीहून जास्त होतो आणि मागच्याला तो फरक दिसतो. स्वस्त एलईडीत टेल आणि ब्रेक यांच्यात जेमतेम दुपटीचा फरक असतो. हातात धरला की डोळे दिपतात, दुकानात सगळे "वाह" म्हणतात, पण रस्त्यावर रात्री ब्रेक मारला की मारला ते कळतच नाही. पाकिटावरच्या ल्यूमेनच्या आकड्यांवर जाऊ नका. दुकानातच बारा व्होल्टवर दोन्ही जोडण्या आळीपाळीने लावून दाखवायला सांगा. मी सीएसटी रोडवर कुर्ल्याला चार प्रकारचे बघितले, त्यातले तीन याच कारणाने परत ठेवले. दुकानदार वैतागला, पण त्याने चौथा कपाटाच्या मागून काढून दिला.

तिसरी, चिपांची दिशा. लाइटच्या आतली चकचकीत वाटी फिलामेंट कुठे आहे हे धरून घडवलेली असते. ज्या एलईडीला फक्त टोकाला चिप असतात तो वाटीला उजेड देतच नाही, मधोमध एक झगझगीत ठिपका दिसतो आणि बाकी लाइट काळा. चहुबाजूंना चिप असलेला घ्या.

चौथी अडचण जुन्या गाडीवाल्यांसाठी. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना आपोआप लागून राहू लागला. त्याआधीच्या बऱ्याच स्कूटर्समध्ये हेडलाइट आणि टेललाइट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतात आणि ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर बॅटरीच्या डीसीवर. इंजिन बंद असताना टेललाइट लागत नसेल तर तुमची गाडी बहुधा त्यातली. तिथे साधा एलईडी टेलला लुकलुकतो, आयडलिंगला जास्तच, आणि लवकर मरतो. एसी-डीसी दोन्हींवर चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

"कॅनबस" लिहिलेल्या बल्बसाठी जास्त पैसे देऊ नका. त्यातला रेझिस्टर गाडीच्या कॉम्प्युटरला फसवण्यासाठी मुद्दाम करंट जाळतो. साध्या बल्बवाल्या स्कूटरला त्याची गरज नाही, उलट बंद लाइटमध्ये उष्णता वाढते.

आणि तो सुरुवातीचा मुद्दा. एलईडीला करंट इतका कमी लागतो की कळंकलेल्या होल्डरमधूनही तो मजेत पेटतो. दोष लपतो, कळंक वाढत जातो आणि एके दिवशी भर पावसात होल्डरच हातात येतो. म्हणून आधी वरची सगळी साफसफाई, मग एलईडी.

ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारे मॉड्यूल लावू नका. मागच्याला ते इंडिकेटर वाटतं, आणि सिग्नलला तीन मिनिटं तुमच्या मागे उभं राहणाऱ्याच्या डोळ्यांचे हाल होतात. निळा, जांभळा, पांढरा लाइट मागे दिसता कामा नये. लेन्सवर काळी फिल्म लावणाऱ्यांना मी हात जोडतो.

गाडीला कारखान्यातूनच एलईडी टेललाइट आला असेल तर त्यात बदलण्यासारखा बल्ब नसतो, पूर्ण युनिट बदलतात. वॉरंटी चालू असेल तर वायरीला कात्री लावू नका. इलेक्ट्रिक स्कूटरच्या लाइटला बारा व्होल्ट कन्व्हर्टरमधून येतात, तिथे तर घरगुती प्रयोग नकोतच.

पन्नास-शंभर रुपयांत मिळणारा आणखी एक अपग्रेड सांगतो, ज्याची कोणी बढाई मारत नाही: लाल रिफ्लेक्टिव्ह टेप. मडगार्डवर आणि डिक्कीच्या बाजूंना दोन-दोन इंच. बॅटरी, बल्ब, फ्यूज सगळं मेलं तरी मागच्याच्या हेडलाइटवर ती चमकते.

शेवटची तपासणी

अंधार पडल्यावर गाडी पार्किंगमध्ये लावा, कोणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि वीस पावलं मागे जा. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे काका बसले. मी मागून "आता" म्हटलं की दाबायचं असं ठरलं होतं, पण त्यांनी आपल्या मनाने दाबायला सुरुवात केली आणि मला म्हणाले, "तू ओळखून दाखव की." खरं तर हीच योग्य परीक्षा. दहापैकी दहा वेळा ओळखता आलं तर फरक पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात हेच पुन्हा करा, बरेच एलईडी तिथे नापास होतात.

मग मगभर पाणी लेन्सवर आणि खालून मडगार्डकडून मारा. रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी लेन्सच्या आत दव आहे का बघा. असेल तर रबराची पट्टी सरकली आहे.

काढलेला चालू बल्ब फेकू नका. फडक्यात गुंडाळून, सोबत एक जास्तीचा फ्यूज आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून डिक्कीत ठेवा. माझ्याकडे तसले तीन आहेत.